चिंचोक्याचं रॉकेट

आपण दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिसरा पंख चिकटवणं. उन्हं उतरली होती. मी सरसाची वाटी घेऊन ओट्यावर बसलो, तू समोर. रॉकेटची नळी माझ्या गुडघ्यांमधी उभी, आणि पंख तुझ्या चिमटीत. सरस वाळंस्तवर पंख हलू द्यायचा न्हाई, हे तुला सांगावं लागत न्हाई. तरी मी सांगितलं. तू म्हणलीस, "धरलाय नं. तुमी च्या प्या." मी प्यालो. तुझा चहा तिथंच राहिला, त्याच्यावर साय धरली. दोन बारी तू विचारलंस, "सोडू का?" दोन्ही बारी मी म्हणलो, "धर, आजून ओला हाय." मंग तू विचारलंच न्हाई. वाळल्याचं तुझं तुलाच कळलं. अलगद बोटं काढलीस, नळी डोळ्यासमोर आडवी धरून मागून पाहिलीस, तिन्ही पंख एकमेकांपासून सारखे बसले का ते, आणि म्हणलीस, "बराबर बसला. आता परवा सोडू."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडता झाडता तू खाली बसलीस. शेजारच्या शेषरावची जीप तुला घेऊन भोकरदनच्या दवाखान्याच्या अर्ध्या वाटेला पोचली असंल, तवा माझ्या दंडावरचा तुझा हात ढिला झाला. ह्याच्यावर मी जास्त लिहिणार न्हाई. नऊ दिवस झाले, माणसं येऊन तेच विचारून राह्यले. कशी गेली, काय झाल्तं, आदल्या दिवशी काय खाल्लं होतं. सांगून सांगून माझं तोंड कडू झालं. आदल्या दिवशी तिनं पंख धरला होता, हे कोणाला सांगावं?

शिला म्हणती, बाबा, लोकांशी बोलत न्हाई तर मायशी बोला, बोलता तसं कागदावर लिहा. तिला काय, ती मास्तरीण. मी चौथी पास सुतार. अख्ख्या जन्मात पेन्सिल लाकडावर रेघ मारायलाच धरली. उद्या तुझा दहावा आहे, घर पाव्हण्यांनी भरलंय, आणि म्हातारा कागद घेऊन बसला म्हणून तुझी भावजय मघापासून दारातून डोकावून जाती. डोकावू दे. आपलं भांडण मिटायचं राहिलंय. ते मधीच टाकून गेलीस, मी काय करू?

भांडण काय होतं ते शिलाला माहीत आहे, जावयाला न्हाई. आणि हे तो बी वाचंल, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

शिला औरंगाबादला कॉलेजात होती तवा तिच्या एका सरांकडं छोट्या रॉकेटची इंजिनं होती, बाहेरदेशी राहणाऱ्या कोणाकडून आलेली. इंजिन म्हणजे जाड कागदाची बंद कांडी. अंगठ्याएवढी. वायर लावून लांबून पेटवायची, ती रॉकेटला वर ढकलती आणि इझती. इझल्यावर रॉकेट जोरानं तसंच वर जात राहतं. मंग थोड्या वेळानं कांडीतच एक छोटा फटाका होतो, रॉकेटचं टोपण उडतं, आतली फीत बाहेर येती, आणि फडफडत ते खाली येतं. सर नोकरी संपवून गावाकडं चालले तवा खोकाच त्यांनी शिलाला देऊन टाकला. पोरीनं भोकरदनच्या शाळेत लागल्यावर प्रदर्शनात एक रॉकेट उडवलं. हातभर लांब, ढेरपोट्या अंगाचं, तिरंगी रंगाचं. आपल्या पाण्याच्या टाकीएवढं उंच गेलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू माझ्या कानात म्हणलीस, "एवढा आवाज अन् एवढुसंच गेलं?"

तिथून तुझं डोकं फिरलं.

मंग शिलाचं लग्न झालं, ती जालन्याला गेली, खोका आपल्या माळ्यावर राहिला. घर असं गप झालं होतं की रंध्याचा आवाज मलाच मोठा वाटायचा. बैलगाड्यांचं काम बी संपत आल्तं, लोखंडी गाड्या आल्या होत्या, ट्रॅक्टर आले होते. एक दिवस दुपारी तू शिडी लावून माळ्यावरून खोका काढलास, माझ्या पुढ्यात ठेवलास आणि म्हणलीस, "पोरीचं रॉकेट मोठं व्हतं म्हणून जड झालं. आपुन बारीक करू." मी म्हणलो, येडी झालीस का, म्हातारपणी फटाके उडवती का. संध्याकाळी भाकरीसोबत नुसती चटणी वाढलीस. दुसऱ्या दिवशी बी चटणीच. तिसऱ्या दिवशी मी पांगाऱ्याचं लाकूड शोधायला निघालो.

पांगारा हलका. त्याचे पंख मी असे तासायचो की उजेडात धरले तर पलीकडं बोटाची सावली दिसायची. पुढची कड गोल, मागची कड धार लावल्यासारखी. टोपण बी पांगाऱ्याचंच, आतून पोकळ केलेलं. नळी तुझी. देवाच्या वाती वळून वळून तुझ्या बोटांना जी सवय होती तिच्या जोरावर तू पतंगाचा कागद सळईवर गुंडाळायची, गव्हाच्या पिठाची खळ लावून, एक वेढा, दुसरा वेढा, एक बी सुरकुती न्हाई. वाळली की मी चपड्याचं पॉलिश मारायचो, तू जुन्या लुगड्याच्या फडक्यानं घासायची. घासून झालं की गालाला लावून पाहायची. गालाला काही टोचलं तर परत घासायची. शिलानं सांगितलं होतं, वाऱ्याला जिथं अडकायला जागा मिळंल तिथं उंची कमी होती. शिलाच्या रॉकेटला सळईत अडकवायला बाजूनं एक कडी होती, ती बी मला खुपली. मी सागाच्या तीन पट्ट्यांचं उंच तिकाटणं केलं. रॉकेट त्या पट्ट्यांच्या मधून सरकत वर जायचं. कडी गेली. तू त्या तिकाटण्याला हात लावून म्हणलीस, "आता कसं, सुतार असल्यासारखं केलं." तीस वर्षांच्या संसारात माझ्या कामाला तू चांगलं म्हणायची ती दुसरी बारी. पहिली पाळण्याची होती.

आणि मंग चिंचोका.

माझं म्हणणं सीधं होतं. इंजिन तेवढंच, तर ओझं जेवढं कमी तेवढं उंच जाणार. मी पंख तासायचो, टोपण कोरायचो, फुंकर मारली तरी हलंल असं रॉकेट करायचो. तुझं म्हणणं, लय हलकं बी कामाचं न्हाई. टोकाला जरा वजन पाहिजे. मी विचारलं, कोण सांगितलं तुला? तू अंगणात गेलीस, सरकी काढलेल्या कापसाचा एक पुंजका आणलास आणि एक चिंचोका.

"हे फेका बरं," म्हणलीस. "जोर लावून."

मी कापूस फेकला. पायाजवळ पडला. चिंचोका फेकला, तो शेषरावच्या कुडावर जाऊन वाजला.

"कापूस म्हंजी काय रॉकेट हाय का?" मी म्हणलो. "भरलेलं पोतं घेऊन शिडी चढ अन् रिकामं घेऊन चढ. मंग सांग जल्दी कोण चढंल."

"इंजिन जळून राह्यलं तवर तुमचं खरं," तू म्हणलीस. "इझल्यावर कोण ढकलंल? इझल्यावर त्याच्या अंगातला जोरच त्याला नेणार. कापसाच्या अंगात काय जोर राहतो?"

मी म्हणलो, बायकांनी चूल पाहावी. तू म्हणलीस, चूल पाहूनच सांगून राह्यले.

त्या वर्षी माझ्या मनासारखं हलकं रॉकेट उडवलं. हरभरा काढलेल्या वावरात तिकाटणं उभं केलं, शेषराव आणि चार जण बांधावर बसले. तिकाटण्यातून निघालं आणि माणसाच्या उंचीएवढं वर गेलं की कोलांट्या खायला लागलं. एक इकडं, एक तिकडं, आणि येऊन पडलं शेषरावच्या म्हशीच्या पुढ्यात. म्हैस दावं तोडून पळाली. शेषराव म्हणला, "सुतार, चंदरावर चालला व्हता का माझ्या म्हशीवर?" लोक हसून हसून लोळले. तू हसली न्हाईस. रॉकेट उचलून आणलंस, पदराला पुसलंस आणि सगळ्यांसमोर म्हणलीस, "पुढच्या खेपेला पाहा." घरी आल्यावर मला म्हणलीस, "टोकाला वजन नव्हतं म्हणून शेपूट पुढं यायलं." ते मी मान्य केलं. सरळ जायला जरा वजन लागतं, एवढं मान्य केलं. उंच जायला लागतं हे न्हाई.

तवापासून आपला तो खेळ सुरू झाला. रॉकेट सरळ जाईल का ते पाहायला मी त्याच्या मधोमध दोरा बांधून डोक्याभोवती फिरवायचो, गोफणीसारखं. नाक पुढं ठेवून फिरलं तर बराबर. जेवढ्यास तेवढं वजन मी खिळ्याच्या टोकाचं घालायचो. आणि माझी पाठ वळली की तू टोपणाच्या पोकळीत तुझा चिंचोका बसवायची. तुझ्या करंड्यातलं कुंकवाखालचं मेण घेऊन त्याच्यात चिकटवायची. मला कळायचंच. मेणाला कुंकू लागलेलं असायचं. उडवायच्या आदल्या दिवशी मी टोपण काढून टोच्यानं चिंचोका उपसायचो आणि मुद्दाम तुझ्या परातीत टाकायचो. तू तो धुऊन डब्यात ठेवायची, पुढच्या साली तोच. इतकी वर्षं एकच चिंचोका. आपण दोघं एकमेकाला एक शब्द बोलायचो न्हाई त्याच्यावर.

मोजायचं काम तुझं. शिलानं कंपासपेटीतल्या कोनमापकावरून मला एक मोठी अर्धगोल फळी करायला लावली, मधी दोरा, दोऱ्याला नट बांधलेला. तू वावराच्या कडंच्या पांढऱ्या दगडापाशी उभी राहायची. फळीच्या कडेनं रॉकेटकडं पाहत पाहत फळी वर करायची आणि सगळ्यात उंच पोचलं की दोरा फळीवर चिमटीत दाबून धरायची. शिलानं हिशेब करून फळीवर रेघा मारून दिल्या होत्या. एक रेघ म्हणजे आपली एक पाण्याची टाकी. तू चिमटी न सोडता अख्खं वावर तुडवत माझ्यापर्यंत यायची. ढेकळांतून, हरभऱ्याचे खुंट टोचत, फळी छातीशी धरून, बाळ आणल्यासारखी. मला रेघ दाखवल्याशिवाय बोटं सोडायची न्हाई.

आणि ते बारीक रॉकेट दिसत न्हाई म्हणून गुलाल बी तुझ्याच डोक्यातून निघाला. चांगलं झालं तसं ते वर जाऊन हरवायलाच लागलं. बोटाएवढी वस्तू, चार टाक्या वर, कोणाला दिसणार? तू म्हणलीस, फितीसोबत चिमूटभर गुलाल भरू. फटाका झाला की आभाळात लाल ठिपका उठंल. तसा उठला. मी तो पहिला ठिपका पाहिला होता, शिला. त्या खेपेला मोजायचं सोडून मायनं मला दंडाला धरून दाखवला होता. असं वाटलं की आभाळाला कोणी बोट लावलं.

त्याच्यानंतर माझे डोळे गेले. गेले म्हणजे मोतीबिंदू. दोन टाक्यांपर्यंत मला दिसायचं, वर सगळं दूध. वरचं सगळं मी तुझ्या तोंडून पाहायचो. दगडापासून ओरडून सांगायची तू. "चढून राह्यलं... चढून राह्यलं... इझलं." मंग सगळं गप व्हायचं, आणि त्या गपमधी तुझा आवाज, हळू, माझ्यापर्यंत जेमतेम पोचंल असा, "आजून चढून राह्यलं... आजून... आजून..." इंजिन इझल्यावर नुसत्या स्वतःच्या जोरावर ते जे वर जायचं, त्याच्यात तुझा जीव होता. तेवढा वेळ तू श्वास घ्यायची न्हाई. मंग "उठला, उठला लाल." आणि मी खाली उभा राहून मान वर करून काहीच न दिसता म्हणायचो, "लय गेलं."

तू तिकडून विचारायची, "लय म्हंजी किती?"

"तू सांग."

"साडेचार."

मी म्हणायचो पाच धर. तू धरायची न्हाईस. त्या एका वर्षी तर पाचाच्या रेघेला दोरा टेकलाच होता. मी म्हणलो, टेकलाय नं, पाच म्हण. तू म्हणलीस, टेकला न्हाई, जवळ हाय. मी दिवसभर जेवलो न्हाई. शिलाला फोनवर सांगितलं, तुझी माय माझी दुश्मन हाय. तू मागून ओरडलीस, "तुमच्या तोंडाकडं पाहून रेघ हालत न्हाई." मला तवा लय राग आल्ता. आज वाटतं, माझ्याबद्दल खरं बोलणारं तेवढंच एक माणूस होतं. बाकी सगळे सुताराला बरं वाटावं म्हणून बोलायचे. म्हणून तर तुझ्या साडेचारला किंमत होती. तू एकदा जरी फुकटची अर्धी टाकी दिली असतीस, तर आज माझ्याजवळ काहीच राहिलं नसतं.

जत्रेत शोभेची दारू करणारा एक जण एकदा घरी आल्ता, आठवतं? म्हणला, रिकाम्या कांड्या द्या, मी भरून देतो, दुप्पट उंच जाईल. माझं मन झालं होतं. तू मधी पडलीस. माझा उजवा हात धरून त्याच्यासमोर नाचवलास आणि म्हणलीस, "पाची बोटं हायत, पाहून घ्या. पाचीच ठेवायचीत." माणूस चहा न पिता गेला. बरं झालं. पण त्यामुळं खोक्यातली होती तेवढीच इंजिनं राहिली, आणि दर साली एक, कधी दोन असं करता करता ह्या वर्षी दोनच उरली.

दोन उरली तवा तूच म्हणलीस, "आता निकाल लावू."

एकच रॉकेट करायचं. पहिल्यानं तुझा चिंचोका घालून उडवायचं, मंग त्याच दिवशी, त्याच वाऱ्यात, चिंचोका काढून माझ्या मनासारखं. तू मोजायचं. जे मोजशील ते मी मान्य करायचं, तोंड न वाकडं करता. मी म्हणलो, मोजणारी तूच अन् वादी बी तूच, हा कोणता न्याय? तू म्हणलीस, "माझ्यावर भरवसा न्हाई का?" मी रंधा हातात घेतला. तुला ते लागलं असंल तर सांगतो, भरवसा होता. माझा दुसऱ्या कशावर नव्हता तेवढा त्या चिमटीवर होता. मला भीती दुसरीच होती. वाटायचं, ह्याचा निकाल लागला तर मंग आपण काय बोलायचं? दोन इंजिनं संपली, भांडण संपलं, माझे डोळे संपले. मंग ओट्यावर बसून दोन म्हातारी एकमेकांकडं पाहत बसणार. म्हणून मी पंख तासायला मुद्दाम उशीर करून राह्यलो होतो. हरभरा निघून वावर मोकळं होऊन किती दिवस झाले होते. तू रोज म्हणायची, "झाला का पंख?" मी म्हणायचो, "घाई न्हाई."

घाई होती तर. मला काय माहीत.

तू एकदा विचारलं होतंस, ते मला सारखं आठवून राह्यलंय. रॉकेट उडवून आल्यावर पाय धुताना म्हणलीस, "तिथून आपलं धावडा गाव कसं दिसत असंल हो?" मी म्हणलो, पत्रे दिसत असतील. तू म्हणलीस, "अन् आपुन?" मी म्हणलो, आपण काय दिसणार, मुंग्या. तू म्हणलीस, "मंग बरं हाय. मुंग्या भांडतात ते वरून दिसत न्हाई." आणि हसलीस. तू हसली की तुझा वरचा पडलेला दात दिसायचा, म्हणून पदर लावायची. आपल्या गावाच्या पलीकडं तू भोकरदन पाहिलं, हसनाबादला बहिणीकडं गेलीस, शिलाच्या बाळंतपणाला जालना पाहिलं. बस. तरी तुझी मान सदा वर. गुडघे दुखायचे, बसून उठता यायचं न्हाई, पण मान वर करून ताटकळत उभी राहायला तुला कधी थकवा आला न्हाई.

तुला नेलं त्या दिवशी संध्याकाळी घरी आलो. बायकांनी दिवा लावून ठेवला होता. ओट्यावर ते रॉकेट तसंच होतं, तीन पंखांवर उभं. एवढी माणसं ओट्यावरून आली-गेली, कोणाचा धक्का लागला न्हाई. तुझी चहाची कपबशी मात्र कोणी तरी घासून ठेवली होती. त्याचा मला राग आला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या टायमाला मी उठलो. सगळे निजले होते. शिला तुझ्या जागेवर कुशीवर पडली होती. मी रॉकेट घेतलं आणि टोपण काढलं. मला वाटलं होतं, ह्या खेपेला चोरून घालायची काय गरज, ठरलंच होतं. पण तू घातलेला होता. कधी घातलास? मी चहा पीत होतो तवा न्हाई, तवा पंख धरला होतास. रात्री मी जेवून पडल्यावर असंल. चिंचोका आत बसलेला, मेण भरलेलं, मेणाला कुंकू. हात सवयीनं टोच्याकडं गेला. टोच्या उचलला बी. मंग परत खाली ठेवला. टोपण लावलं.

तिकाटणं खांद्यावर घेतलं, वायर आणि सेल पिशवीत टाकले, आणि तुझी फळी बी घेतली. फळी कशाला घेतली मला विचारू नकोस. सुतकात म्हातारा काय घेऊन चालला, हे शेषरावनं पाहिलं. तो धार काढत होता. म्हशीची दोरी तेवढी आवळून धरली.

वावरात वारा नव्हता. तुला पाहिजे असतो तसा दिवस. तिकाटणं रोवलं, रॉकेट पट्ट्यांमधी सोडलं, वायर जोडली, लांब जाऊन बसलो. आणि सवयीनं पांढऱ्या दगडाकडं पाहिलं. तिथून तू हात वर करायची तवाच मी बटन दाबायचो. किती वेळ मी तिकडं पाहत बसलो ते माहीत न्हाई. दिवस वर आला. मंग मीच म्हणलो, "सोडतो गं." आणि दाबलं.

सूंऽ करून गेलं. तिकाटण्यातून निघालं ते दिसलं. सरळ निघालं, एकदम सरळ, तुझ्या पंखाला धक्का नव्हता. एक टाकी, दोन टाक्या. मंग दूध. मी कान लावले. इंजिनचा आवाज संपला. इझलं. त्याच्यानंतर तू सांगायची तो वेळ सुरू झाला. आजून चढून राह्यलं, आजून, असं. तो मला कोणी सांगितला न्हाई. वर कुठं तरी फट् झालं. मी मान वर करून उभा. ठिपका शोधत होतो, डोळे चोळत होतो, आणि तवा माझ्या ध्यानात आलं. गुलाल मी घातलाच नव्हता. इतक्या वर्षांत मी कधी घातला न्हाई, ते काम तुझं होतं. फीत, टोपण, इंजिन, वायर, सगळं आठवलं. गुलाल आठवला न्हाई.

म्हणजे वरती लाल काही उठलंच न्हाई. मला डोळे असते तरी दिसलं नसतं.

फीत फडफडत कुठं उतरली, कळलं न्हाई. वावर पालथं घातलं, शेषरावचं बी घातलं, नाल्यापर्यंत गेलो. सापडलं न्हाई. पंख गेले, नळी गेली, तुझा चिंचोका बी गेला. एक इंजिन माळ्यावर आहे. ते आता तसंच राहू दे. ज्याच्यातून चिंचोका काढायचा तेच न्हाई, तर माझी बाजू मी कशात उडवू? निकाल लागला न्हाई, शिलाची माय. मी अजून म्हणतो, हलकंच उंच जातं. तू म्हण, वजन पाहिजे. चालू राहू दे.

शेवटी पांढऱ्या दगडापाशी गेलो. तू उभी राहायची तिथली माती तुडवून टणक झालेली आहे. दोन पाय मावतील एवढी. मी तिथं उभा राहून फळी धरून पाहिली. दोरा हालत होता, नट इकडं तिकडं डुलत होता. तुझ्यासारखी चिमटी मला जमली न्हाई. फळी काखेत मारून घरी आलो.

शिला दारात उभी होती. डोळे सुजलेले. तिनं तिकाटणं पाहिलं, फळी पाहिली, आणि रिकामे हात पाहिले.

"कुठं गेल्ते बाबा?"

"मायचं रॉकेट सोडून आलो."

तिनं हळू विचारलं, "कसं गेलं?"

"लय गेलं," मी म्हणलो.

पोरीनं मान हलवली आणि माझ्या हातातून तिकाटणं घेतलं. मी ओट्यावर टेकलो. चुलीजवळ बायका चहा गाळत होत्या, शेषरावची म्हैस ओरडत होती. मी वाट पाहिली. लय म्हंजी किती, असं कोणी विचारलं न्हाई.